तार बसवली, पुढे काय?

कणकुंबीहून बेळगावला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे दिवस मोडतो. सकाळची बस धरायची, जांबोटी मागे टाकून शहर गाठायचं, नंबर लावायचा आणि दुपारनंतर परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभं राहायचं. दाढ दुखत असेल तर माणूस हे एकदा करतो आणि विसरून जातो. वेडेवाकडे दात सरळ करायचे असतील तर असे फेरे दर चार-सहा आठवड्यांनी, दीड-दोन वर्षं घालावे लागतात. ‘तार लावायची’ असं आपण सहज म्हणतो. ती लागतेही तासा-दीड तासात. उपचाराची खरी मेहनत त्यानंतर सुरू होते आणि तिच्यातला मोठा वाटा घरच्यांना उचलावा लागतो.

मुळात दात सरकतोच कसा? तो हाडाला थेट चिकटलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटरचा. दातावर एका बाजूने हलका पण सततचा दाब राहिला की दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड तयार करणाऱ्या. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. पुढे सपाटीला लागल्यावर वळणावर ती एका काठाची माती खाते, समोरच्या काठाला गाळ टाकते आणि अख्खं पात्र सरकत जातं. दाताचं तसंच. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. “डॉक्टर, जरा जास्त आवळा, लवकर उरका,” असं सांगणारे पालक असतात. पण जोर वाढवला तर त्या थरातला रक्तपुरवठाच दबतो, दात अडून बसतो आणि मूळ झिजण्याची भीती वाढते.

ही विद्या आजची नाही. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात दात ओळीत आणण्यासाठी धातूच्या पट्टीचा उपाय सांगितला होता. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले. आजही केसपेपरवर ‘क्लास टू’ लिहिलेलं दिसतं ते त्यांचंच. आपल्याकडे या शाखेच्या डॉक्टरांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पण लांबच्या गावच्या पेशंटच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली ती १९७० च्या दशकात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू तेव्हा दातांच्या तारेत आला. ही तार बरीच वाकवली तरी मूळ आकाराकडे यायला बघते आणि कित्येक आठवडे हलका जोर लावत राहते. स्टीलच्या तारेला डॉक्टरांनी हाताने वळणं द्यायची आणि ती पुन्हापुन्हा बदलायची, असा काळ त्याआधी होता.

पहिल्या दिवशी तार लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. आधी एक्स-रे निघतात: एक सगळ्या दातांचा, एक चेहऱ्याचा बाजूने. मग तोंडात गार, चिकट लगदा भरलेला साचा दाबून दातांचं माप घेतात. हा लगदा समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाचा असतो; उलटीची भावना होते, पण मिनिट-दोन मिनिटांचा प्रश्न. काही दवाखान्यांत आता हे माप कॅमेऱ्यानेच घेतात. जबड्यात जागाच नसेल तर सुळ्यामागच्या चार उपदाढा काढायला सांगतात आणि इथे घरात चर्चा सुरू होते. चांगले दात का काढायचे, वरचा दात काढला की नजर जाते, वगैरे. नजरेची नस वेगळी, दातांची वेगळी. दात काढल्याने डोळा अधू होत नाही. मात्र प्रत्येकाचे दात काढावेच लागतात असंही नाही. एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांकडून कारण समजून घ्यावं, तो आपला हक्क आहे.

मग दातांवर सौम्य आम्ल काही सेकंद लावतात, धुऊन कोरडं करतात. चकाकणारा दात तेवढ्यापुरता खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर छोटी खाच असलेला ब्रॅकेट चिकटवून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. खाचांतून तार जाते. त्या रात्रीपासून दोन-तीन दिवस दात ठणकतात, भाकरीचा तुकडा मोडवत नाही. पेज, मऊ भात, आंबोळी यांवर भागवावं. ठणका आपोआप जातो.

पथ्य मात्र शेवटपर्यंत. ऊस दाताने सोलणं बंद. चिक्की, गोकाकचं करदंट, फणसपोळी, असं चिवट-चिकट काही नाही. पेरू, मक्याचं कणीस कापून, दाणे काढून खावं. ब्रॅकेट निघाला की त्या दाताचं काम तिथेच थांबतं आणि एक जादा फेरा पडतो. ब्रशचा आळस तर फार महागात जातो. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिलं की दातावर पांढरे डाग उमटतात आणि तार निघाल्यावर दात सरळ पण डागाळलेले, अशी गत होते. मोठ्यांनाही तार लावता येते, वयाची आडकाठी नाही. हिरड्या निरोगी हव्यात. तंबाखू मळणाऱ्याने, मग ती निपाणीची असो की आणखी कुठली, आधी हिरड्यांचे उपचार करून घ्यावेत.

मुलांचं म्हणाल तर सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवावं. लगेच तार लावतील असं नव्हे. अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेणं, दुधाची दाढ किडून लवकर पडल्यामुळे शेजारचे दात त्या जागेत कलणं, हे तेव्हाच आटोक्यात आणता येतं. खालचा जबडा मागे राहिला असेल तर वाढीच्या वयात, अकरा-तेराच्या आसपास, काढघालीची क्लिप उपयोगी पडते. वाढ थांबल्यावर त्याच दोषासाठी शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागू शकतं. ‘दातावर दात म्हणजे नशीबवान’ असं म्हणून घरचे थांबतात. असेलही नशीब; पण पुढे आलेले पटाशीचे दात जांभ्या दगडावर पडलं की आधी तेच तुटतात. दिसण्यापेक्षा हे कारण मला जास्त पटतं.

एका घरगुती उपायाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. समोरच्या दोन दातांतली फट मिटवायला मोबाईलवर बघून साधा रबर बँड अडकवतात. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे रबर हळूहळू हिरडीखाली सरकतो, दिसेनासा होतो आणि आतलं हाड पोखरतो. दोन्ही चांगले दात हलून गमावल्याच्या घटना दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

जायचं कुठे? बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्स या शाखेत तीन वर्षांचं एमडीएस केलेला डॉक्टर निवडावा. पाटीवर बघावं, विचारावं. बेळगावात केएलईचं १९८५ पासूनचं दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचंही आहे. चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे गेलं तर बांबोळीला गोवा सरकारचं दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात एमडीएसचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो, वेळ मात्र अधिक जातो. आपली केस घेतलेला विद्यार्थी मध्येच पास होऊन गेला तर ती दुसऱ्याच्या हाती जाते, हेही धरून चालावं. शक्य असेल तर सुरुवात पावसाळा ओसरल्यावर करावी. ब्रॅकेट निघण्याच्या तक्रारी पहिल्या महिन्यांत जास्त असतात आणि कणकुंबीच्या पावसात जादा फेरा म्हणजे काय ते सांगायला नको. टोचणाऱ्या तारेवर लावायचं मेण डॉक्टरांकडून मागून घरी ठेवावं. जागा मिटवण्याच्या टप्प्यावर लावलेली रबरी साखळी तीन-चार आठवड्यांत सैल पडते, तेव्हाची तारीख चुकवू नये.

आणि शेवटी रिटेनर. तार काढल्यावर दात मोकळे होतात, पण हिरडीतले तंतू जुन्याच जागेकडे ओढत असतात. त्यांना स्थिरावायला कित्येक महिने, कधी वर्षभर लागतं. म्हणून आतून बारीक तार चिकटवतात किंवा रात्री घालायची पारदर्शक पट्टी देतात. ती दप्तरात हरवते, गरम पाण्यात धुतल्याने वाकडी होते, ‘आता झालं की सगळं’ म्हणून कपाटात पडून राहते आणि दात परत फिरतात. रिटेनर नेमाने वापरायची तयारी नसेल, तर तारेवर पैसे घालूच नयेत.