मणका ‘बसवून’ देणारे

उसण भरली की गावाकडे अजूनही पायाळू माणसाची शोधाशोध होते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने पाठीला पाय लावला की उसण निघते, असा समज. शहरात ही जागा आता दुसऱ्याच कुणी घेतली आहे. मोबाइलवर तो रोज दिसतो: रुग्ण कुशीवर झोपलेला, पाठीजवळ माईक लावलेला, एक हात खांद्यावर, दुसरा कंबरेवर, एक झटका आणि ‘कट्’. दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं, कायरोप्रॅक्टर. लोक त्याला सरळ ‘मणक्याचे डॉक्टर’ म्हणून टाकतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

हाडांचे डॉक्टर म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जन. ते एमबीबीएस होऊन पुढे शस्त्रक्रिया शिकलेले असतात. फिजिओथेरपिस्ट व्यायाम, शेक, स्नायूंची ताकद या वाटेने जातो, आणि गरज पडली तर हातानेही सांधे हलवतो. आपला हाडवैद्य मोडलेलं हाड जुळवून कामट्या बांधणारा. कायरोप्रॅक्टर यांपैकी कुणीच नाही. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘हाताने केलेलं काम’ एवढाच. मणक्याचा त्यात उल्लेखही नाही. औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया करणं हे त्याच्या कामात साधारणपणे येत नाही. हाताने सांध्याला नेमका, झटपट धक्का देणं हे त्याचं मुख्य हत्यार.

हा धंदा जन्मला अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी, मिसिसिपी नदीच्या काठी. डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा गृहस्थ. शाळामास्तरकी, मधमाश्यापालन, किराणा असं सगळं करून झाल्यावर तो ‘चुंबकीय उपचार’ करू लागला होता. 18 सप्टेंबर 1895 या दिवशी त्याने आपल्या दवाखान्याच्या इमारतीतल्या हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीत वर आलेला मणका दाबून बसवला आणि कित्येक वर्षं बहिऱ्या असलेल्या लिलार्डला ऐकू येऊ लागलं, अशी पामरची कथा. डॉक्टर लोक तेव्हापासून एकच आक्षेप घेत आले आहेत: ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यातून जातच नाही. पामरला मात्र सापडायचं ते सापडलं. बहुतेक सगळे आजार जागचे हललेले मणके नसा दाबतात म्हणून होतात, हा त्याचा सिद्धान्त. उपचाराला नाव दिलं त्याच्याकडे येणाऱ्या सॅम्युएल वीड या पाद्र्याने.

1906 मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामरला शिक्षा झाली, तेव्हा दंड भरण्याऐवजी त्याने आधी तुरुंग पत्करला. मुलगा बी. जे. पामर जास्त व्यवहारी निघाला. बापाची शाळा त्याने मोठी केली. ते कॉलेज डेव्हनपोर्टला आजही चालू आहे. कॅन्ससने 1913 मध्ये परवान्याचा कायदा केला, तर शेवटचं राज्य लुइझियाना. तिथे 1974 उजाडलं. दरम्यान अमेरिकन मेडिकल असोसिएशनने भोंदूगिरीविरोधी समिती नेमून कायरोप्रॅक्टरांशी संबंध ठेवू नयेत असं डॉक्टरांना बजावलं होतं. त्याविरुद्ध चेस्टर विल्क हा कायरोप्रॅक्टर आणि त्याचे सहकारी 1976 मध्ये कोर्टात गेले. 1987 मध्ये निकाल लागला तो असोसिएशनच्या विरोधात. पण हा निकाल स्पर्धेच्या कायद्याखाली होता. उपचार खरा की खोटा, याचा तो निवाडा नव्हता.

आता त्या आवाजाविषयी. ‘कट्’ झालं म्हणजे मणका जागेवर बसला, असं बघणाऱ्याला वाटतं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणला की आतला दाब एकदम घटतो आणि वायूची पोकळी तयार होते, तिचा हा आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये बोट ओढताना एमआरआयखाली हे टिपलं. एकदा मोडलेलं बोट पुन्हा मोडायला वीसेक मिनिटं थांबावं लागतं ते याचमुळे. (बोटं मोडल्याने संधिवात होतो हे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं खोडून काढायला कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली! दोन्ही हात सारखेच राहिले. 2009 चं इग नोबेल मात्र मिळालं.) म्हणजे आवाज मोठा आला तर गुण जास्त, असं काही नाही. आणि ‘गादी सरकली’ असं आपण म्हणतो ती मणक्यांमधली चकती झटक्याने परत आत ढकलता येत नाही.

मग उपयोग होतो की नाही? कंबरदुखीत काही प्रमाणात होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये कंबरदुखीसाठी औषधांविना उपायांत मणक्यांच्या या हस्तोपचारालाही जागा दिली. व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपायांपेक्षा तो फार सरस ठरत नाही, हेही खरं. दमा, लहान बाळाचं पोट दुखून रडणं अशा दाव्यांना मात्र भक्कम पुरावा नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने 2008 मध्ये हेच लिहिलं, तर तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. 2010 मध्ये अपील कोर्टाने सिंगची बाजू घेतल्यावर तो मागे घ्यावा लागला. बदनामीचा कायदा सुधारा, या तिथल्या मागणीला या खटल्याने चांगलाच जोर दिला.

मानेचा विषय वेगळा, आणि इथे मला सैल बोलणं पटत नाही. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांना लगटून जातात. झटक्यानंतर धमनीचा आतला पदर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. दाढी-कटिंगनंतर मान दोन्हीकडे ‘कट्कट्’ मोडून घेण्याची जी हौस आहे, ती त्यामुळे सोडलेली बरी.

भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी स्वतंत्र कायदा नाही, स्वतंत्र नोंदणी परिषद नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना ही उपाधी लावणं गुन्हा आहे. आपल्याकडे पाटी रंगवणाऱ्याला कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये या शिक्षणासाठी किमान 4200 तासांचं माप सांगितलं. परदेशात पूर्ण पदवी घेऊन आलेला माणूस आणि एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र घेऊन आलेला, दोघांची पाटी सारखीच दिसते. तेव्हा टेबलावर झोपण्याआधी शिक्षण कुठे, किती वर्षं, हे विचारायला संकोच नको. हाडं ठिसूळ झाली असतील, कॅन्सर होऊन गेला असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर कायरोप्रॅक्टर नको, फिजिओथेरपिस्टही नको. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.