इंग्लंडमध्ये घर घेताय? मग पुण्यातल्या फ्लॅटचाही हिशोब द्यावा लागतो

लंडनजवळ ४ लाख पाउंडांचं एक घर आहे. किंमत तीच, विकणाराही तोच. पण एका खरेदीदाराला त्यावर ५ हजार पाउंड कर भरावा लागतो आणि दुसऱ्याला ३० हजार. फरक एवढाच की दुसऱ्याच्या नावावर पुण्यात एक फ्लॅट आहे.

नोकरीसाठी इंग्लंडला गेलेली अनेक मराठी कुटुंबं काही वर्षं भाड्याने राहतात आणि मग घर शोधायला लागतात. तिथली पद्धत आपल्या इसार, साठेखत, खरेदीखत या क्रमाशी जुळत नाही. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ऑफर मान्य झाली म्हणजे घर आपलं झालं का?

नाही. एजंटने अभिनंदन केलं तरी तोवर सगळं 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असतं. १९८९ च्या कायद्यानुसार घर-जमिनीच्या विक्रीचा करार लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचाच लागतो. त्याआधी कुणी जास्त पैसे देऊ केले तर विकणारा सरळ तिकडे वळू शकतो. याला 'गॅझम्पिंग' म्हणतात. ऐकायला अन्याय वाटतो, पण ते बेकायदेशीर नाही. तुम्ही वकिलावर आणि सर्व्हेवर केलेला खर्च मात्र गेलाच. अर्थात या टप्प्यावर तुम्हीही माघार घेऊ शकता.

बंधन लागतं ते 'एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स'च्या दिवशी. तेव्हा साधारण १० टक्के रक्कम भरायची असते. त्यानंतर माघार घेतली तर ती रक्कम जाऊ शकते, वर नुकसानभरपाईचा दावाही होऊ शकतो. उरलेले पैसे पोचले की 'कम्प्लिशन' होतं आणि किल्ल्या हातात येतात. प्रचलित करारांनुसार एक्स्चेंजपासूनच घराची जोखीम खरेदीदारावर येते, त्यामुळे विमा त्याच दिवसापासून हवा.

वकील नेमकं काय बघतो?

हे काम सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर करतो. लँड रजिस्ट्रीत मालक कोण, घरावर कुणाचं कर्ज आहे, कौन्सिलने काही आक्षेप घेतलाय का, सांडपाण्याची लाइन कुठून जाते, पुराचा धोका आहे का, हे सगळं तो तपासतो. भिंतीला गेलेला तडा किंवा गळकं छत मात्र तो बघायला जात नाही. त्यासाठी वेगळा सर्व्हे करून घ्यावा लागतो. बँकेने केलेलं मूल्यांकन बँकेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही. तिथला जुना नियम आहे की घेणाऱ्याने स्वतः बघून घ्यावं.

वकील आणखी एक गोष्ट खोदून विचारतो, ती म्हणजे पैसे आले कुठून. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे त्याला ते विचारावंच लागतं. आई-बाबांनी भारतातून मदत केली असेल तर त्यांची बँक स्टेटमेंट्स, ओळखपत्रं आणि 'ही भेट आहे, घरात आमचा हक्क नाही' असं लेखी पत्र मागितलं जातं. भारतातल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात माणशी २ लाख ५० हजार डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. त्यामुळे ही तयारी आधीच केलेली बरी.

आणि वकिलाच्या नावाने 'आमचा खाते क्रमांक बदललाय' असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. लोकांची आयुष्यभराची बचत अशा एका ईमेलवर गेलेली आहे.

पुण्यातला फ्लॅट मधे कुठून आला?

एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाख पाउंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या उरलेल्या रकमेवर ५ टक्के आहे. पण 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही पहिलं. वारसा हक्काने गावच्या घरात हिस्सा आला असेल तरी ही सवलत जाऊ शकते. दोघांनी मिळून घर घेतलं तर दोघांचंही पहिलंच असावं लागतं.

सवलत गेली तर ४ लाखांच्या घरावर १० हजार पाउंड होतात. त्यावर, दुसरीकडे ४० हजार पाउंड किंवा अधिक किमतीचं घर असेल तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा, म्हणजे आणखी २० हजार. इथे नवरा-बायकोला एकत्र धरतात, त्यामुळे फ्लॅट एकाच्या नावावर असला तरी सुटका नाही. तुम्ही खरेदीआधीच्या वर्षभरात १८३ दिवसांपेक्षा कमी ब्रिटनमध्ये असाल तर आणखी २ टक्के. नुकत्याच मिळालेल्या वारसा हिश्श्याला आणि राहतं घर विकून दुसरं घेणाऱ्यांना काही सूट आहे, पण ती वकिलाकडून ऑफर देण्याआधीच समजून घ्या. विवरणपत्र भरायला कम्प्लिशननंतर फक्त १४ दिवस मिळतात.

फ्लॅट घेतला तर?

इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट 'लीजहोल्ड' असतात. म्हणजे ठरावीक वर्षांसाठी हक्क मिळतो, जमीन दुसऱ्याची राहते. आपल्या सोसायटीसारखी मालकी तिथे गृहीत धरू नका. लीजची ८० पेक्षा कमी वर्षं उरली की ती वाढवून घेणं महाग पडतं आणि बँकाही हात आखडता घेतात. २०२४ च्या कायद्याने बदल आणलेत, पण ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लीज वाढवण्याआधी दोन वर्षं थांबण्याची अट मात्र जानेवारी २०२५ मध्ये गेली. जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट नाही. जुन्या लीजवर असू शकतं, सर्व्हिस चार्ज वेगळा.

रीमॉर्गेजला पुन्हा वकील लागतो का?

ठरावीक व्याजदराची दोन किंवा पाच वर्षं संपली की कर्ज बँकेच्या बहुधा चढ्या दरावर जातं, म्हणून लोक नवी योजना शोधतात. त्याच बँकेत राहिलात तर सहसा कायदेशीर काम नसतं. बँक बदलली तर जुना बोजा उतरवून नवा लँड रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो, तिथे वकील येतो. मुदतीआधी निघालात तर दंड बसू शकतो. याच वेळी जोडीदाराचं नाव घरावर चढवायचं असेल तर त्याच्या वाट्याला येणाऱ्या कर्जाच्या हिश्श्यावरही स्टॅम्प ड्युटी लागू शकते.

घरात मालकांशिवाय कुणी सज्ञान माणूस राहत असेल, समजा मुलाकडे कायमचे राहायला आलेले आई-बाबा, तर बँक त्यांचीही सही मागते. हप्ते थकले आणि घर जप्त झालं तर आम्ही राहण्याचा हक्क सांगणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. घरासाठी पैसे त्यांनीच दिले असतील तर सही करण्याआधी त्यांनी स्वतःचा वेगळा वकील गाठावा.