विमानप्रवास : तयारी शरीराचीही हवी

पूर्वी आपल्या भागातून विमानाने जाणारा माणूस विरळाच असे. आता तसे राहिलेले नाही. मुलगा बंगळुरूला असतो, मुलगी अमेरिकेत असते आणि तिच्या बाळंतपणासाठी किंवा नातवाचे तोंड पाहण्यासाठी साठी-सत्तरीतले आईवडील नागपूरहून विमानात बसतात. पासपोर्ट, व्हिसा, लोणची, पापड या सगळ्यांची यादी करून तयारी होते. राहून जाते ती एकच गोष्ट, प्रकृतीची तपासणी. "नुसते बसून तर जायचे आहे, त्यात काय एवढे?" असे बहुतेकांना वाटते. बसून जायचे हे खरे. पण कुठे बसून जायचे, हे आधी समजून घेऊ.

विमानात आपण किती उंचीवर असतो?

मोठे प्रवासी विमान साधारण ३५,००० फूट उंचीवरून उडते. तेथे बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे पाव हिस्सा असतो आणि तापमान शून्याखाली पन्नास अंशांहून अधिक उतरलेले असते. अशा हवेत माणूस जगू शकत नाही. म्हणून बहुतेक विमानांत इंजिनात दाबली गेलेली थोडी हवा काढून, थंड करून ती प्रवाशांच्या कक्षात सोडतात आणि आत पुरेसा दाब राखतात.

मात्र हा दाब जमिनीवर असतो तेवढा नसतो. तेवढा ठेवायचा तर विमानाचे कवच फार जाड आणि जड करावे लागेल. म्हणून आतला दाब समुद्रसपाटीपासून ६,००० ते ८,००० फूट उंचीवर जसा असतो, तसा राखला जातो. आपले चिखलदरा सुमारे ३,६०० फूट उंच आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे आणि दक्षिणेतील उटी सात हजारांच्या थोडे वर. नागपूर जेमतेम हजार फुटांवर आहे. म्हणजे विमान सुटल्यापासून अर्ध्या तासात आपले शरीर कळसूबाईच्याही वर, जवळजवळ उटीला जाऊन पोहोचते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे रक्तातला प्राणवायू कमी होतो. कोरोनाच्या साथीत बोटाला लावायचे यंत्र घरोघरी आले, त्यामुळे हा आकडा आता सर्वांना कळतो. जमिनीवर ९७-९८ दाखवणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा विमानात ९० ते ९३ पर्यंत येऊ शकतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. पण ज्याचे हृदय किंवा फुप्फुस आधीच जेमतेम काम करीत आहे, त्याला ही घट जड जाते. दुसरा परिणाम म्हणजे शरीरातील बंदिस्त हवा सुमारे एकतृतीयांशाने फुगते. विमानात वेफर्सचे पाकीट फुगून टम्म होते, ते याच कारणाने. पोटातली, कानातली, नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांतली हवाही अशीच फुगते.

कानाला दडे का बसतात?

घाट चढता-उतरताना कानाला दडे बसल्याचा अनुभव सर्वांना आहे. कानाच्या पडद्याआड एक लहानशी हवेची पोकळी असते. ती एका बारीक नळीने घशाच्या वरच्या भागाशी जोडलेली असते. ही नळी एरवी मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दी असली की नळीची तोंडे सुजतात, ती उघडत नाही आणि पडदा ताणला जाऊन कान ठणकतो. हा त्रास विमान वर जाताना कमी आणि खाली उतरताना जास्त होतो.

त्यावर उपाय सोपा आहे. विमान उतरू लागले की झोपू नये. गोळी चघळावी, आवंढे गिळावेत. तरीही दडा सुटला नाही तर तोंड मिटून, नाक चिमटीत धरून अगदी हळुवार फुंकर कानाकडे द्यावी, जोर लावू नये. तान्ह्या बाळाला उतरतेवेळी अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. सर्दीने नाक पूर्ण बंद असेल किंवा कान वाहत असेल तर प्रवास पुढे ढकललेला बरा.

दाबातला बदल किती त्रासदायक ठरू शकतो, हे २० सप्टेंबर २०१८ रोजी दिसले. जेट एअरवेज या त्या वेळच्या कंपनीचे विमान १६६ प्रवाशांना घेऊन मुंबईहून जयपूरला निघाले. इंजिनातील हवा आत घेण्याचे बटण चालू करायचे राहून गेले होते. विमान वर चढू लागले तसा आतला दाब उतरत गेला. वरून प्राणवायूचे मास्क खाली आले आणि सुमारे तीस प्रवाशांच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आले. विमान मुंबईला परत आणले गेले आणि सर्वांचे प्राण वाचले. नाकाच्या नाजूक अस्तरातल्या आणि कानाच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या ताणाने फुटल्या, एवढाच त्या रक्ताचा अर्थ होता.

मास्क आधी स्वतःला

विमान सुटण्यापूर्वी कर्मचारी सांगतात की मास्क खाली आला तर आधी स्वतःला लावा, मग मुलाला. आपल्याकडच्या आईला हे पटणे कठीण. पण यामागचे शास्त्र समजून घ्यावे. ३५,००० फुटांवर आतला दाब अचानक गेला तर माणूस भानावर राहतो तो अवघा अर्धा ते एक मिनिट. त्यातही वाईट असे की प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूला धोका कळतच नाही. दुखत नाही, गुदमरत नाही. उलट सगळे छान चालले आहे असे वाटते. अशा वेळी आई मुलाच्या मास्कशी झटापट करीत बसली तर दोघेही बेशुद्ध होतील. तिने आधी आपला मास्क लावला तर ती पुढच्या काही सेकंदांत मुलाला वाचवू शकते.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या विमानात हेच घडले. हवेचा दाब राखणारी यंत्रणा स्वयंचलित ठेवण्याऐवजी हाताने चालवण्याच्या स्थितीत राहिली होती. धोक्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला आणि थोड्याच वेळात ते बेशुद्ध झाले. विमान आपोआप उडत राहिले आणि इंधन संपू लागल्यावर अथेन्सजवळ कोसळले. १२१ जण मरण पावले. असे प्रसंग फार क्वचित घडतात. मास्कमधला प्राणवायू १२ ते १५ मिनिटे पुरतो आणि तेवढ्या वेळात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात. म्हणून घाबरू नये. सूचना मात्र कान देऊन ऐकाव्यात.

आकाशात दवाखाना नसतो

विमानातला खरा नेहमीचा प्रश्न यंत्राचा नसून प्रवाशांच्या प्रकृतीचा असतो. पाच विमान कंपन्यांच्या २००८ ते २०१० मधील नोंदी अमेरिकेतील डॉक्टरांनी तपासल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. दर ६०४ उड्डाणांमागे एकात कोणीतरी प्रवासी आजारी पडल्याचे त्यांना आढळले. त्यांत सर्वांत जास्त, म्हणजे ३७ टक्के, घेरी येऊन पडलेले किंवा पडता पडता वाचलेले होते. त्याखालोखाल श्वासाचा त्रास आणि मळमळ-उलटी. शंभरातल्या सुमारे सात प्रसंगी विमान दुसरीकडे उतरवावे लागले.

भारताच्या मध्यावर असल्यामुळे आपल्या नागपूरला अशी विमाने अनेकदा उतरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला जाणाऱ्या बांगलादेशी विमानाच्या मुख्य वैमानिकालाच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपूरला सुखरूप उतरवले. मुख्य वैमानिकाचा मात्र काही दिवसांनी रुग्णालयात मृत्यू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळुरूहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका लहान मुलीचा श्वास थांबला. योगायोगाने दिल्लीच्या एम्सचे डॉक्टर त्याच विमानात होते. त्यांनी तिचे हृदय पुन्हा सुरू केले आणि विमान नागपूरला आणले गेले, तरी पुढे ती वाचू शकली नाही. ३५,००० फुटांवरून जवळच्या धावपट्टीवर यायलाही वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात. समुद्रावर असाल तर कित्येक तास. विमानात औषधांची पेटी आणि प्रथमोपचार शिकलेले कर्मचारी असतात, पण दवाखाना नसतो.

कोणी विचारल्याशिवाय जाऊ नये?

१. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, तसेच चालताना छातीत दुखणारे. झटक्यानंतर निदान दोन आठवडे तरी थांबावे आणि नंतरही हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच जावे.

२. दमा, जुना खोकला किंवा फुप्फुसाचा आजार असलेले. सपाट रस्त्यावर पन्नास मीटर न थांबता चालताना धाप लागत असेल तर प्रवासात प्राणवायूची गरज पडू शकते. घरचे सिलिंडर विमानात नेता येत नाही. कंपनीला आधी कळवून सोय करावी लागते.

३. पोट, छाती किंवा डोळ्यांची अलीकडे शस्त्रक्रिया झालेले. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत कधी कधी डोळ्यात वायू भरतात. तो पूर्ण जिरेपर्यंत विमानात बसल्यास दृष्टी जाऊ शकते. ताजे प्लास्टर असेल तर पहिल्या दोन दिवसांत आत सूज येऊन ते आवळते.

४. सिकलसेलचे रुग्ण. आपल्या विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. केवळ वाहक असलेल्यांनी भिण्याचे कारण नाही. पण प्रत्यक्ष आजार असलेल्यांना प्राणवायू कमी पडला की वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी आणि फार कमी हिमोग्लोबिन असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

५. गर्भवती. एकच मूल असेल आणि गुंतागुंत नसेल तर साधारणपणे ३२ आठवड्यांपर्यंत हरकत घेत नाहीत. त्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि शेवटच्या महिन्यात बहुतेक कंपन्या बसू देत नाहीत. प्रत्येक कंपनीचा नियम थोडा वेगळा असतो. तिकीट काढतानाच विचारावे.

आजारी प्रवाशांसाठी कंपन्यांचा 'मेडिफ' नावाचा फॉर्म असतो. तो डॉक्टरांनी भरून द्यायचा. तो भरला तर विमानात बसू देणार नाहीत, या भीतीने लोक आजार लपवतात. वास्तविक बहुतेक वेळा त्यावरूनच प्राणवायू, खुर्ची, सोबत यांची सोय केली जाते.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक अमेरिकेला निघण्याच्या चार दिवस आधी आले. "डॉक्टरसाहेब, जिना चढलो की छातीत जळजळ होते. एखादी ॲसिडिटीची गोळी द्या आणि पोराला काही सांगू नका. त्याने एवढे महागाचे तिकीट काढले आहे." कार्डिओग्राम काढला तर हृदयाला रक्तपुरवठा कमी असल्याच्या स्पष्ट खुणा होत्या. मी त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, तिकीट गेलं तर जाऊ द्या, तुम्ही आधी बरे व्हा." उपचार झाले. तीन महिन्यांनी गुरुजी पत्नीसह जाऊन, नातवाला खेळवून परत आले.

पायातील गुठळी

चार तासांहून अधिक वेळ पाय लोंबकळत ठेवून बसले की पोटरीतल्या शिरांत रक्त साकळते आणि कधी गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार अशा प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाला, इतकाच आहे. नागपूर-पुणे रातराणी बसलाही हे लागू आहे. दर तासाला उठून चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करावेत, पाणी पीत राहावे, मद्य टाळावे. प्रवासानंतर एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा अचानक धाप लागली तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

निघण्याच्या दिवशी

रोजची औषधे, इन्सुलिन आणि फवारा हातातल्या पिशवीतच ठेवावा. सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवू नये. बॅग चुकू शकते आणि सामानकक्षाच्या थंडीत इन्सुलिन गोठू शकते. औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. परदेशी जाताना घड्याळ बदलते, तेव्हा इन्सुलिन कधी घ्यायचे ते आधी लिहून घ्यावे. उपाशीपोटी निघू नये; घेरी येण्याचे ते एक मोठे कारण आहे. मुंबई, दिल्लीच्या विमानतळांवर दारापासून विमानापर्यंत फार चालावे लागते. गुडघे किंवा छाती साथ देत नसेल तर ४८ तास आधी कळवून चाकाची खुर्ची मागावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाहेरगावी राहणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आईवडिलांना फोनवर "बरे आहात ना?" असे विचारले की उत्तर "हो" असेच येणार. त्याऐवजी शेवटची तपासणी कधी झाली, जिना चढताना दम लागतो का, हे विचारा. आणि शक्य असेल तर तिकीट काढण्यापूर्वी विचारा.