बर्फाचा नव्हे, खडकाचा फोटो

फ्रान्समधल्या शामोनी गावातून दातेरी रुळांवरची एक लहानशी तांबडी गाडी मोंतांवेरच्या कड्यावर चढते. १९०९ साली ही रेल्वे सुरू झाली ती खाली पसरलेली मेर द ग्लास ही हिमनदी लोकांना दाखवण्यासाठी. या फ्रेंच नावाचा अर्थ बर्फाचा समुद्र. आज स्टेशनच्या कठड्यावरून वाकून पाहिले तर राखी दगडगोट्यांनी भरलेली एक खोल घळ दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना उघडे पडलेले भुसभुशीत उतार. बर्फात दरवर्षी नव्याने कोरल्या जाणाऱ्या गुहेपर्यंत पर्यटकांना नेण्यासाठी १९८८ मध्ये केबलकार बसवली, तेव्हा तिच्यातून उतरले की बर्फ हाताशी होता. पुढे बर्फ खचत गेला तशा कड्याला लोखंडी पायऱ्या जोडल्या जाऊ लागल्या आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. वाटेत खडकांवर पाट्या लागत: अमुक साली हिमनदीची पातळी इथे होती. शेवटी २०२४ मध्ये त्या जागेचा नाद सोडून दरीत आणखी वरच्या अंगाला नवी केबलकार सुरू करावी लागली. त्या जुन्या पायऱ्या उतरून पुन्हा चढणाऱ्याला तीस-पस्तीस वर्षांत किती बर्फ गेला ते गुडघ्यांतून कळत असे.

आल्प्समधल्या अशा वाटांवर दर उन्हाळ्यात काढल्या जाणाऱ्या फोटोंना गणती नाही. तरीही त्यातले बहुतेक फोटो पुरावा म्हणून कामाला येणार नाहीत, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. फोटो काढणारा बर्फाकडे बघतो. निळी भेग, गुहेच्या छतातून झिरपणारा उजेड, पांढऱ्यावर उठून दिसणारा रंगीत जाकिटातला माणूस. पण हिमनदी ही सतत सरकणारी, वितळणारी, आकार बदलणारी वस्तू आहे. पुढच्या वर्षी ती भेग तिथे नसते. बर्फ किती हटला हे सांगायचे तर न हटणारे काहीतरी चौकटीत असावे लागते: मागचे शिखर, कडेचा कडा, पुढ्यातला घट्ट रोवलेला खडक. हिमनदीच्या फोटोतला पुरावा त्या खडकात असतो.

जुन्या फोटोची जागा शोधण्याचे काम म्हणूनच मोठ्या चिकाटीचे आहे. जुनी प्रत हातात धरून पुढचा खडक मागच्या शिखराशी कसा जुळतो ते पाहायचे. खडक शिखराच्या मानाने डावीकडे सरकलेला दिसला तर आपण गरजेपेक्षा उजवीकडे उभे आहोत. तो खाली गेलेला दिसला तर आपण जास्त उंचावर आहोत. असे पावलापावलाने सरकत, चढत-उतरत सगळ्या रेषा जुळल्या की तिथे पूर्वी कुणाची तरी तिवई उभी होती हे नक्की होते. महिनाही जुळावा लागतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ, कारण तोवर हिवाळ्यातला बर्फ खालच्या भागातून ओसरलेला असतो, नवा पडायचा असतो आणि हिमनदीची खरी कड उघडी असते. जूनमधल्या फोटोत नुसत्या हंगामी बर्फानेही हिमनदी धष्टपुष्ट दिसू शकते. सावल्या जुळवायच्या तर वेळही तीच साधावी लागते. वाल्टर मिटेलहोल्त्सर या स्विस वैमानिकाने १९१९ मध्ये माँ ब्लाँच्या परिसरातल्या हिमनद्यांचे विमानातून फोटो घेतले होते. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, डंडी विद्यापीठाच्या किरन बॅक्स्टर आणि अ‍ॅलिस वॉटर्सन यांनी त्यातले काही फोटो हेलिकॉप्टरमधून पुन्हा घेतले, तेव्हा त्यांनाही शिखरांच्या रेषा जुळवूनच आकाशातली ती जागा शोधावी लागली.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो मात्र कुणाच्याही नजरेत न भरणाऱ्या फोटोंचा. १९१६ ते १९४७ या काळात स्वित्झर्लंडच्या मोजणीदारांनी नकाशे तयार करण्यासाठी डोंगराडोंगरांवर चढून काचेच्या प्लेटांवर हजारो फोटो घेतले. कॅमेरा आणि कोन मोजणारे थिओडोलाइट एकाच यंत्रात बसवलेले असे. कुठे उभे राहिलो, यंत्राचे तोंड कोणत्या दिशेला होते, याची प्रत्येक वेळी नोंद होई. सुंदर दृश्य निवडण्याची त्यांना मुभा नव्हती आणि हिमनद्या नाहीशा होतील ही चिंताही त्यांच्या मनात नव्हती. समोर येईल तो डोंगर कागदावर उतरवायचा होता. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या आणि स्विस संघराज्याच्या वन, हिम आणि भूदृश्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी यातले सुमारे २१,७०० फोटो संगणकावर घेतले. एकच उतार दोन जागांवरून टिपलेला असला की आपल्या दोन डोळ्यांना खोली कळते तशी त्या उताराची उंची काढता येते. या रीतीने देशातल्या सुमारे ८६ टक्के हिमनदीक्षेत्राचा तेव्हाचा पृष्ठभाग पुन्हा उभा राहिला. तो आजच्या मोजणीशी ताडून पाहिल्यावर २०२२ मध्ये निष्कर्ष आला की १९३१ ते २०१६ या काळात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी निम्मे घनफळ गमावले. त्याच संशोधकांनी पुढच्या मोजण्यांच्या आधारे दाखवले की २०१६ ते २०२१ या अवघ्या पाच वर्षांत उरलेल्यातला आणखी १२ टक्के बर्फ गेला. आणि नंतर २०२२ व २०२३ या दोन उन्हाळ्यांनी मिळून सुमारे १० टक्के नेला.

फोटोत फक्त टोक दिसते, जाडी दिसत नाही, हा आक्षेप अनेक वर्षे रास्त होता. हिमनदीचे मुख शंभर मीटर मागे गेले म्हणून किती बर्फ गेला हे कळत नाही; दगडमातीच्या थराखाली झाकलेली हिमनदी तर जागच्या जागी पातळ होत राहते आणि लांबी तेवढीच दाखवते. पण त्या काचेच्या प्लेटांनी या आक्षेपाला उत्तर दिले आहे. सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर याने ऑस्ट्रियातल्या फेर्नाग्ट हिमनदीचा फोटोंच्या आधारे नकाशा करण्यासाठी १८८९ मध्ये मोजणी केली, तेव्हापासूनच हे शक्य असल्याचे जाणकारांना ठाऊक होते. अडचण तंत्राची नव्हती. जागा आणि दिनांक यांची नोंद नसलेल्या फोटोंमधून हे करता येत नाही, ही अडचण होती आणि आजही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हिमनद्या नेहमीच वाढत-घटत आल्या, मग आताच आक्रोश कशाला? वाढत होत्या हे खरेच आहे. आलेच ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी. तिच्या खालच्या अंगाला असलेल्या फीश गावच्या लोकांनी सतराव्या शतकात नवस केला होता की हा बर्फ पुढे सरकू नये. पिढ्यान्‌पिढ्या ही प्रार्थना चालू राहिली. एकविसाव्या शतकात गावाने पोपकडे परवानगी मागितली ती प्रार्थना उलटी करण्याची, बर्फ टिकावा म्हणून, आणि २०१० मध्ये ती मिळालीही. बिसाँ बंधूंनी १८५५च्या सुमारास ग्रिंडेलवाल्डच्या खालच्या हिमनदीचे जे फोटो घेतले, त्यात ती खोऱ्याच्या तळापर्यंत उतरलेली दिसते, कारण तो तिच्या शेवटच्या मोठ्या वाढीचा काळ होता. म्हणजे आपल्या बहुतेक जोडचित्रांतले पहिले चित्र हिमनदीच्या भरतीनंतर लगेचचे आहे, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातली माघार निव्वळ मानवी धुराने झाली असे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. बेन मार्त्सायोन हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडला. १८५१ ते २०१० या काळातल्या जगभरच्या हिमनद्यांच्या घटीपैकी सुमारे पाव हिस्सा माणसाच्या पदरी जातो. १९९१ ते २०१० एवढाच काळ घेतला तर तो हिस्सा सुमारे दोन तृतीयांश होतो. म्हणून १८५५ आणि आज अशा दोनच चित्रांची जोडी मला अपुरी वाटते. मधली चित्रे हवीत. १९२०च्या आणि १९८०च्या दशकांत कित्येक स्विस हिमनद्या थोड्या काळापुरत्या सावरल्या, पुढेही आल्या. ती चित्रे वगळली तर आपण आक्षेप घेणाऱ्याच्या हाती कोलीत देतो, आणि ठेवली तर त्यानंतरची घसरण किती वेगळी आहे ते आपोआप दिसते.

महाराष्ट्रातून सहलीला जाणारे हजारो लोक युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटर उंचीवर, आगगाडीने पोहोचतात आणि सगळीकडे पांढरेशुभ्र पाहून म्हणतात की इथे तर भरपूर बर्फ आहे. त्यांच्या फोटोत खोटे काही नाही. पण ते उभे असतात हिमनदीच्या कोठारात, जिथे पडलेला बर्फ साठून दाबला जातो. तोटा दिसतो तो खाली. त्याच आलेच हिमनदीवर तासन्‌तास चालत कोंकोर्डियाला गेले तर १८७७ साली तिथे बांधलेली गिर्यारोहकांची झोपडी दिसते. बांधली तेव्हा ती बर्फापासून सुमारे ५० मीटर उंच खडकावर होती. आता बर्फावरून तिथे पोहोचायला कड्याला ठोकलेल्या ४५०हून जास्त लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात, आणि बर्फ खचेल तशी खालच्या टोकाला भर घालावी लागते. एवढी मोठी हिमनदी हवामानाला सावकाश उत्तर देते. आजचे तिचे मुख गेल्या काही दशकांचे तापमान सांगते, आणि उद्या तापमान आहे तिथेच थांबले तरी ती आणखी अनेक वर्षे मागे हटत राहणार.

उरतो तो सर्वांत टोचणारा प्रश्न. संपत चाललेली हिमनदी ‘शेवटची पाहून घ्यावी’ म्हणून विमानाने, मोटारीने जाणे म्हणजे त्याच धुरात भर घालणे नव्हे का? होय, आणि त्यावर पळवाट काढण्यात अर्थ नाही. केवळ आणखी एक निळी गुहा टिपायला जाणाऱ्याच्या बाजूने मला बोलता येणार नाही. पण सगळे फोटो काही दुरून आलेल्यांचे नसतात. १८९१ पासून ऑस्ट्रियाच्या आल्पाइन संघाचे स्वयंसेवक दर उन्हाळ्याच्या अखेरीस मोजणीसाठी आपापल्या नेमून दिलेल्या हिमनदीपर्यंत चालत जातात. बहुतेक जण जवळपासचे, आणि तोच माणूस वर्षानुवर्षे तीच वाट तुडवतो. उपग्रह असताना हा खटाटोप का, असेही विचारले जाते. उपग्रह विस्तार उत्तम दाखवतो. पण एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली मोजणीची साखळी त्याच खुणेपासून पुढे चालू ठेवायची असेल तर त्या खुणेपाशी कुणीतरी उभे राहावे लागते.

आपल्याकडे गोमुखाच्या वाटेवर मराठी ट्रेकर काही कमी नसतात. गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा नकाशा जे. बी. ऑडेन या भूशास्त्रज्ञाने, कवी डब्ल्यू. एच. ऑडेनच्या थोरल्या भावाने, १९३५ मध्ये केला होता. त्यानंतर ते मुख किलोमीटरभराहून जास्त मागे गेले आहे. घरोघरच्या अल्बममध्ये गोमुखाचे जे जुने फोटो पडून आहेत, त्यांच्या मागे साल आणि महिना लिहिलेला असेल आणि चौकटीत एखादा ओळखता येणारा कडा असेल, तर ते आजही वापरण्याजोगे आहेत.

ऑस्ट्रियातल्या त्या मोजणीची रीत अशी. हिमनदीच्या मुखासमोरच्या मोठ्या, न हलणाऱ्या शिळेवर रंगाने बाण, साल आणि खूण काढलेली असते. त्या बाणाच्या दिशेने बर्फाच्या कडेपर्यंत फीत ताणून अंतर घ्यायचे, अशा अनेक शिळांवरून सरासरी काढायची, आणि ठरलेल्या जागेवरून ठरलेला फोटो घ्यायचा. ग्रोसग्लॉकनर शिखराच्या पायथ्याशी असलेल्या पास्टेर्त्से हिमनदीसाठी २०२२-२३ या एका वर्षाचे अंतर भरले सुमारे २०३ मीटर, तिथल्या मोजणीतले आजवरचे सर्वांत मोठे. बर्फ असा लांब गेला की जुन्या शिळेवरून मोजता येत नाही. मग मोजणारा उघड्या पडलेल्या जमिनीवर पुढे चालत जातो, नवी शिळा निवडतो, जुन्या खुणेपासून तिचे अंतर वहीत टिपतो, आणि दगड पुसून कोरडा करून त्यावर त्या वर्षाचा आकडा रंगवतो.