बाहेरून लागलेली कडी

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सुरू होतं ते चिमटलेल्या बोटापासून. शाळेत शिकवणारी लीला बेणारे गावातल्या एका हॉलमध्ये शिरते आणि दाराच्या कडीत तिचं बोट सापडतं. सोबतचा सामंत म्हणून गावातला साधा माणूस सांगतो, ही कडी नीट सरकतच नाही, अर्धवट राहिली की दार बाहेरून बंद होतं. प्रेक्षक ते ऐकतो आणि विसरतो. विजय तेंडुलकर मात्र विसरत नाहीत.

हे नाटक 1967चं. ‘रंगायन’ने ते केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारे सुलभा देशपांडे यांची. मुंबईहून हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला येतात. विषय मोठा, अण्वस्त्रांबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला. कार्यक्रम रात्री, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. सामंतला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून लुटुपुटीचा खटला उभा राहतो. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. आरोप का, तर गंमत म्हणून.

मी हा प्रयोग पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहिल्या अंकाला पोटभर हसलो. आजूबाजूचे सगळेच हसत होते. तेच हसू पुढे घशात अडकलं, आणि दुष्टपणाबद्दल मला जे काही कळलं ते मुख्यतः त्या अडकण्यातून. खलनायक समोर असला की आपण निर्धास्त असतो. हा वाईट, आपण वेगळे, एवढा हिशेब पुरतो. इथे खलनायकच नाही. आहेत ती आपल्या इमारतीतली, आपल्या ऑफिसातली माणसं. काशीकर समाजकार्याच्या गप्पा मारत कान कोरत बसतात. सुखात्मे वकील आहेत, पण त्यांची वकिली चालत नाही. पोंक्षे विज्ञानाचा आव आणतात आणि इंटर नापास आहेत. प्रत्येकाच्या आत एक अपयश ठसठसतंय, आणि मनासारखं जगू पाहणारी, खळखळून हसणारी बेणारे त्यांच्यासमोर वावरतेय. तिचा राग यायला एवढंच पुरेसं होतं. फक्त तो काढायला निमित्त हवं होतं, ते खेळाने दिलं.

मला सगळ्यात जास्त छळते ती सौ. काशीकर. नवरा तिला चारचौघांत बोलू देत नाही, पदोपदी गप्प करतो. तीच बाई वेळ येताच बेणारेला धरून फरफटत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. बाळू रोकडेचंही तसंच. काशीकरांच्या उपकारांवर वाढलेला, सगळ्यांची कामं निमूट करणारा पोरगा. साक्षीदार झाल्यावर मात्र सगळे कान टवकारून त्याचं ऐकतात. आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेली ती किंमत तो बेणारेचं गुपित उघडं करून वसूल करतो. ज्याच्यावर अन्याय होतो तो दुसऱ्याला समजून घेतो, असं आपण धरून चालतो. तेंडुलकरांनी ते खोडून काढलं, आणि मला ते पटतं. दबलेल्या माणसाला आपल्याहून दुबळं कुणी सापडलं की काय होतं, ते एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही विचारा.

मग चांगुलपणा कुठे आहे? आहे, सामंतकडे. मनाचा निर्मळ, पुतण्यासाठी हिरव्या कापडाचा पोपट घेऊन निघालेला. त्यालाही साक्षीला उभं करतात. काय बोलावं सुचेना, म्हणून हातातल्या कादंबरीतलं काहीबाही तो सांगत सुटतो, आणि ते नेमकं बेणारेच्या खऱ्या दुःखाला जाऊन भिडतं. त्याच्या मनात कपटाचा लवलेशही नसतो, पण घाव बसायचा तो बसतोच. भल्या माणसाच्या भाबडेपणानेही कुणी जखमी होतं, हे सांगणारी इतकी स्वच्छ व्यक्तिरेखा मराठी रंगभूमीवर मला दुसरी आठवत नाही.

तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मधली लक्ष्मी आठवते, पण ती वेगळी. देवभोळी, मुंगळ्याशी मायेने बोलणारी ही बाई चंपाच्या खुनानंतर प्रेत पुरायला मदत करते. तिची माया खरी असते आणि निर्दयपणाही खराच. सामंतकडे ती दुसरी बाजू नाही, म्हणूनच त्याचं असहाय असणं जास्त लागतं.

खटला खोटा न राहता खरा होतो तेव्हा बेणारे निघून जायला दाराशी धावते. दार उघडत नाही. सुरुवातीची ती कडी बाहेरून लागलेली असते. पुढे न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदार होतात आणि शेवटी निकालही देतात, तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचा. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेलं न्यायालय भ्रूणहत्येचाच हुकूम सोडतं आणि त्यातली विसंगती एकाच्याही ध्यानात येत नाही. निकालाआधी तिला बोलायला दहा सेकंद मिळालेले असतात. त्या दहा सेकंदांत बाकीचे जागच्या जागी थिजतात आणि ती एकटी बोलत राहते, आपल्याशी. खोलीतलं कुणीही ते ऐकत नाही.

नंतर मंडळी पुन्हा हसतीखेळती होतात. मनाला लावून घेऊ नकोस, खेळच तर होता, अशी तिची समजूत काढून रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. ती निश्चल पडलेली. सामंत अवघडून जवळ येतो, तो हिरवा पोपट हलकेच तिच्याशेजारी ठेवतो आणि दूर होतो.