मूत्रपिंडाच्या वंशागत रोगाचें मूळ

मूत्रपिंडांत पाण्याच्या असंख्य गांठी वाढविणारा एक रोग वंशांत चालतो. आईबापांपैकीं एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास होण्याचा संभव निम्मा असतो. त्याचें मूळ सोळाव्या गुणसूत्रावर आहे, हें १९८५ सालीं कळलें; पण नेमकें जनुक सांपडेना. गांव कळलें, घर कळेना! अखेर एका पोर्तुगीज कुटुंबानें वाट दाखविली. तेथील मायलेकींच्या सोळाव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदल झाले होते, आणि दोघींसही हाच रोग होता. जेथें तूट तेथेंच जनुक, असें ताडून संशोधकांनीं १९९४ सालीं तें गांठलें. या यशांत त्या मायलेकींचा वांटा आम्ही थोडा मानीत नाहीं. रोग समूळ घालविणारें औषध अद्याप नाहीं. मात्र अशा घरांतील माणसांनीं रक्तदाब वेळींच तपासून आटोक्यांत ठेवावा.