किनाऱ्यावरच्या चोरवाटा आणि त्यांच्यामागून आलेला पहारा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सुमारे 1,014 किलोमीटर लांबीची पायवाट आहे. आज तिथे हौशी पदयात्री चालतात. पण ती रुळली गस्तीच्या शिपायांच्या पावलांनी. ब्रँडी, तंबाखू आणि चहा चोरून उतरवणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी त्यांना कड्याकड्याने फिरून प्रत्येक घळीत डोकावावे लागे.

नवी मुंबईत सारसोळे जेट्टीपासून खाडीकाठाने निघाले, की आपल्याकडे अशी पायवाट का झाली नाही ते कळते. समोर ट्रॉम्बेच्या टेकड्या, मध्ये ठाण्याची खाडी आणि काठाला कांदळवन. ओहोटीला गुडघाभर चिखल, तर भरतीला लहान होडी पार आतपर्यंत येते. अशा किनाऱ्यावर पहारा पायी नव्हे, पाण्यावरूनच करावा लागतो.

तस्करीचे मूळ मात्र दोन्हीकडे एकच, ते म्हणजे किमतीतली तफावत. 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी आणि 1968 च्या कायद्याने देशात सोन्यावर कडक बंधने आली. आयातीवर तर आधीपासूनच निर्बंध होते. सोन्याची हौस मात्र कमी झाली नाही. दुबईहून निघालेली गलबते भर समुद्रात थांबत आणि तिथून माल होड्यांनी किनाऱ्याला येई. दहा तोळ्यांचे बिस्किट 116.64 ग्रॅमचे. कापडी जाकिटाच्या कप्प्यांत अशी शंभर बिस्किटे शिवली, की अंगावर साडेअकरा किलोंहून जास्त सोने चढे. परतीच्या फेरीत चांदी जाई. या धंद्यात मुंबईत हाजी मस्तान आणि दमणमध्ये सुकुर नारायण बखिया ही नावे गाजली.

सरकारने 1974 मध्ये ‘कॉफेपोसा’ कायदा करून स्थानबद्धतेचे हत्यार उपसले. त्याच वर्षी नेमलेल्या रुस्तमजी समितीने समुद्रासाठी वेगळे दल सुचवले. 1 फेब्रुवारी 1977 रोजी अवघ्या सात नौकांनिशी भारतीय तटरक्षक दल उभे राहिले. तिकडे तस्करीमुळे पायवाट झाली, इकडे नौदल आणि कस्टम यांच्या जोडीला तिसरे दल.

1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, 1992 मध्ये अनिवासी भारतीयांना सोने आणण्याची मुभा मिळाली आणि या धंद्यातला नफा आटला. पण सोन्यासाठी रुळलेल्या वाटा बुजल्या नव्हत्या. 1993 च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी आणि शेखाडी इथे स्फोटके व शस्त्रे उतरली. 12 मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांत 257 माणसे गेली. 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादीही समुद्रमार्गेच आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. वाट चोरांची असली तरी तपासणी कोळ्यांच्या वाट्याला आली.

ब्रिटनने 1784 मध्ये चहावरचा कर 119 टक्क्यांवरून साडेबारावर आणताच चोरटा चहा परवडेनासा झाला. भारतानेही जुलै 2024 मध्ये सोन्यावरचे आयातशुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणले. गस्तीने तस्कराची वाट अवघड होते. पण त्या वाटेला जाणे परवडते की नाही, हे ठरते अर्थसंकल्पात.